सुटी बिघडते कुणाची?

गेल्या दिवाळीच्या सुटीत चिरंजीवांनी फर्मान काढले, "बाबा, आज पुस्तक मिटा आणि माझ्याबरोबर सिनेमा बघा." मराठी शिकवणाऱ्या माणसाला कॅन्टोनीज भाषेतला सिनेमा! पण बसलो आणि खालची अक्षरे वाचायचे विसरून पोट धरून हसलो.

चित्रपट होता १९८५ चा 'ट्विंकल, ट्विंकल, लकी स्टार्स'. दिग्दर्शक सॅमो हंग. पडद्यावरही तोच, आणि जोडीला जॅकी चॅन व युएन बियाओ. हे तिघे लहानपणी हाँगकाँगमध्ये एकाच गुरूच्या हाताखाली पेकिंग ऑपेरा शिकले. उड्या, मारामारी, विनोद सारे तिथलेच. आपल्याकडे तमाशाच्या फडात वाढलेल्या पोरांसारखे म्हणा ना! कथेतली पाचजणांची रिकामटेकडी टोळी थायलंडमधल्या पट्टायाला सुटीसाठी जाते आणि पुढे मारेकरी नि पोलीस यांच्या भानगडीत गुरफटते. मजा सगळी त्या फजितीत. एकट्याची फजिती झाली तर ती शोककथा. पाचांची झाली की प्रहसन!

आपल्याकडेही असा मराठी चित्रपट आहे. सचिन पिळगावकरांचा २००४ चा 'नवरा माझा नवसाचा'. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एस. टी., त्यात भरलेली नाना तऱ्हेची माणसे आणि कंडक्टर अशोक सराफ. पण फरक पाहा. हाँगकाँगची मंडळी सरळ सांगून सुटीला जातात. आपला नायक मात्र वडिलांनी बोललेला नवस फेडायला निघतो, तोही विवस्त्र होऊन फेडायचा! नुसते समुद्र बघायला जातो म्हणायची आपल्याला लाज वाटते. देवाची चिठ्ठी असली की रजा मंजूर.

आम्हीही तेच केले. दोन वर्षांपूर्वी वर्गाची सहल काढली, ती 'गणपतीपुळे दर्शन' या नावाने. जतसारख्या दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी मैलोगणती हिंडलेल्या मुलांना एवढे पाणी एकदा तरी दाखवावे, हा खरा हेतू. सांगली, कोल्हापूर मागे पडले आणि आंबा घाटाच्या अलीकडे, नेमक्या तिन्हीसांजेला, गाडीने मान टाकली. मदत सकाळी येणार होती. मुले कुरकुरू लागली, एकदोघी रडू लागल्या आणि सहलीचे प्रमुख म्हणजे प्रस्तुत लेखक नुसते घड्याळ बघत राहिले.

एवढ्यात मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी खाली उतरली. तिने तीन दगड मांडले, पोरांना काटक्या आणायला पिटाळले, बरोबरच्या शिध्यातले पीठ काढले. तासाभरात पिठले-भाकरीचा वास सुटला. मग गाणी झाली, नकला झाल्या. माझीही नकल झाली आणि ती सर्वांत जास्त रंगली. मी त्या मुलीला म्हटले, "अगं, तू तर अगदी तयारीची निघालीस!"

ती भाकरी उलटत म्हणाली, "आमची दरसाल अशीच ट्रिप असती की, सर."

तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. गळीत हंगाम सुरू झाला की घराला कुलूप, बिऱ्हाड गाडीवर आणि कारखान्याच्या तळावर खोपट. लहानपणी तीही जाई. आम्हाला जी फजिती वाटली, तो तिचा नेहमीचा संसार होता. सुटी बिघडायला आधी ती मिळावी लागते, हे मला चाळिशी उलटल्यावर एका विद्यार्थिनीने चुलीपुढे बसून शिकवले.

दुसऱ्या दिवशी तिने समुद्र पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतले, थुंकले आणि म्हणाली, "एवढं असून काय उपेग नाही!" आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

चिरंजीवांचा सिनेमा संपला तेव्हा हे सारे डोळ्यांपुढे आले. वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा तालुक्यातली कितीतरी बिऱ्हाडे वाटेला लागलेली असतील. सुटी संपवून मी वर्गावर जाईन, हजेरी घेईन आणि काही नावांना 'हजर' येणार नाही. पूर्वी मी तिथे मुकाट्याने गैरहजेरीची फुली मारीत असे. आता फुलीपूर्वी विचारतो, "कुठल्या कारखान्यावर गेलाय रे?"