थर्मलमधली गर्दी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘एवढं मोठं आकाश पडलंय, तिथे कोण कुणाला धडकणार?’ पॅराग्लायडिंग शिकायला आलेल्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. आकाश मोठं आहे हे खरं, पण ग्लायडरला चढता येईल अशी जागा त्यात फार थोडी असते. इंजिन नसलेलं ग्लायडर स्थिर हवेत सतत खाली येत असतं. उंची मिळवायची तर तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधायचं आणि त्यात घिरट्या घालत राहायचं. कामशेतचे डोंगर असोत, पुण्यातलं हडपसरचं ग्लायडिंग केंद्र असो की हिमाचलमधलं बीर-बिलिंग, चांगलं थर्मल सापडलं की घारींपासून माणसांपर्यंत सगळे तिथेच गोळा होतात. मोठ्या आकाशातली ही गर्दीची जागा. बीर-बिलिंगला ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन पॅराग्लायडर हवेत धडकले आणि बेल्जियमच्या एका पायलटचा जीव गेला.

गैरसमज: प्रत्येकाने आपल्याला सोयीचं वळण घ्यावं, अंतर ठेवलं की झालं.

वस्तुस्थिती: थर्मलमध्ये जो आधी आला त्याची दिशा हीच सगळ्यांची दिशा. मागून येणारा त्याच्याहून वर असो वा खाली, अनुभवाने मोठा असो वा लहान, त्याने तीच दिशा धरायची. यामागे साधा हिशोब आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने, सुमारे ४० अंश कलून घिरट्या घालणाऱ्या कॉकपिटवाल्या ग्लायडरचं वर्तुळ जेमतेम दीडशे मीटर व्यासाचं असतं आणि एक फेरी वीसेक सेकंदांत पुरी होते. दोघे एकाच दिशेने फिरत असतील तर एकमेकांच्या जवळ येण्याचा त्यांचा वेग जवळजवळ शून्य असतो. समोरचा तिथेच लटकल्यासारखा दिसतो. दोघे उलट फिरले तर प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे दर दहा सेकंदांनी, ते आमनेसामने येतात आणि तेही सेकंदाला ५० मीटर या वेगाने. समोरचं विमान दिसण्यापासून आपलं विमान प्रत्यक्ष वळू लागेपर्यंत अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक यंत्रणेने साडेबारा सेकंद धरले आहेत. दर दहा सेकंदांनी येणारं संकट आणि टाळायला लागणारे साडेबारा सेकंद! हे गणित कुणाच्याही कौशल्याने सुटत नाही.

‘डावीकडे वळायचं हाच नियम’ असंही काही जण ठामपणे सांगतात. तसा सार्वत्रिक नियम नाही. स्पर्धांमध्ये टेक-ऑफच्या परिसरापुरती दिशा ठरवून देतात, काही ठिकाणी ती तारीख सम की विषम यावर ठरते; पण ती त्या दिवसापुरती आणि त्या जागेपुरती सोय आहे. घारी आणि गिधाडं तर एकाच थर्मलमध्ये दोन्ही बाजूंनी फिरताना दिसतात. थर्मल कुठे आहे हे पक्ष्यांकडून जरूर शिकावं, वाहतुकीचे नियम मात्र नकोत. आणि आपली दिशा चुकली हे आत शिरल्यावर लक्षात आलं, तर तिथल्या तिथे उलटं वळायचं नाही. बाहेर पडायचं आणि पुन्हा यायचं.

आत शिरण्याची रीत हा तर वेगळाच विषय आहे. मोठं ग्लायडर एका थर्मलकडून दुसऱ्याकडे जाताना ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. व्हेरिओ, म्हणजे चढ-उताराचा वेग आवाजाने सांगणारं उपकरण, वाजायला लागला की नाक वर खेचून थेट मधोमध शिरायचा मोह होतो. त्या क्षणी आत फिरणाऱ्याला आपण कुठून उगवलो हे कळत नाही आणि आपल्यालाही डोक्यावर कोण आहे ते दिसत नाही. चालत्या दिंडीत जसं कडेने, आधी त्यांची चाल धरून सामील होतात, तसं इथे करायचं: वेग आधीच कमी करून, वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूने, आतल्या कुणालाही वळण बदलायला न लावता. शक्य असेल तर जागा घ्यावी ती आधीच्या ग्लायडरच्या बरोबर समोर, वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला. तिथे दोघेही एकमेकांना दिसतात.

गैरसमज: तो माझ्या कितीतरी खाली आहे, त्याची काळजी कशाला?

हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. थर्मल सगळीकडे सारख्या जोराने उठत नाही. खालच्याला गाभा, म्हणजे सगळ्यात जोराने उठणारा भाग, सापडला आणि तो तुमच्यापेक्षा सेकंदाला दोन मीटर जास्त चढू लागला, तर ५० मीटरचं अंतर २५ सेकंदांत संपतं. तुमची जेमतेम एक फेरी झालेली असते.

मग बाजूला कुणी व्हायचं? पॅराग्लायडरच्या पायलटच्या डोक्यावर अख्खी विंग असते. त्याला खालचं आणि बाजूचं छान दिसतं, वरचं नाही. म्हणून पॅराग्लायडिंगमध्ये वरच्याने खालून चढणाऱ्याला वाट द्यायची. कॉकपिटमध्ये बसून उडवायच्या ग्लायडरचं उलटं. पारदर्शक कॅनोपीतून समोरचं आणि वरचं दिसतं. पोटाखालचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. तिथे खालून चढणाऱ्याची जबाबदारी वाढते, कारण पाहू शकणारा तोच असतो. आता दोन्ही प्रकार एका थर्मलमध्ये आणा. पॅराग्लायडर वर आणि ग्लायडर खाली असेल तर दोघांनाही एकमेकांना पाहण्याची संधी आहे. ग्लायडर वर आणि पॅराग्लायडर खाली असेल तर दोघेही एकमेकांच्या बाबतीत आंधळे. शिवाय पॅराग्लायडरचा वेग ताशी ३५-४० किलोमीटर आणि वर्तुळ कितीतरी लहान, त्यामुळे एकाच लयीत फिरणंही जमत नाही. अशा वेळी कुणी तरी दुसरं थर्मल शोधलेलं बरं.

कोण आधी आलं, कुणाला हक्क आहे, यावर टेक-ऑफला तावातावाने वाद होतात. माझ्या मते हक्काचा प्रश्न दुय्यम आहे. त्याला मी दिसतोय का, हे आधी विचारावं. समोरच्याचं डोकं तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असं धरून चाला.

गैरसमज: फ्लार्म लावलंय, ते ओरडेल की.

फ्लार्म हे २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये आलेलं उपकरण. ते आपली जागा आणि पुढचा अपेक्षित मार्ग रेडिओवरून आसपासच्या फ्लार्मना कळवतं आणि धडकेची शक्यता दिसली तर इशारा देतं. ते उपयोगी आहे यात वाद नाही. पण ज्याच्याकडे तसं उपकरण नाही, तो फ्लार्मच्या लेखी अस्तित्वातच नाही. पॅराग्लायडिंगच्या अनेक व्हेरिओंमधलं फ्लार्म तर फक्त संकेत पाठवतं, इशारा देत नाही. गर्दीत ते इतक्या वेळा वाजतं की कान त्याला सरावतात. आणि कुठे वळायचं हे ते सांगत नाही, ते ठरवायला बाहेरच बघावं लागतं.

बाहेर बघण्यातही एक खोच आहे. आपली नजर हलणारी वस्तू चटकन टिपते. सरळ उडताना धडकेच्या मार्गावर असलेलं ग्लायडर मात्र काचेवर एकाच जागी राहतं, हलत नाही. नुसतं मोठं होत जातं, आणि तेही अगदी शेवटी. म्हणून नजर सतत फिरती ठेवायची, वळणाच्या दिशेने पुढे आणि वर बघायचं, व्हेरिओ कानाने ऐकायचा.

‘पॅराशूट आहेच ना’ याचं उत्तर थोडक्यात देता येतं: ते उघडायला उंची आणि वेळ लागतो, आणि डोंगराच्या उतारालगत दोन्ही कमी असतात. ‘नवशिकेच धडकतात’ हेही खरं नाही. जागतिक दर्जाच्या स्पर्धांमध्ये, निवडक पायलटांमध्येही हवेत धडका झाल्या आहेत, कारण तिथे सगळे त्याच थर्मलच्या त्याच गाभ्यामागे असतात. ढगाच्या तळाशी तर धोका आणखी वाढतो. चढणं मंदावतं, सगळे एकाच उंचीवर येतात आणि नेमकी तिथेच हवा धूसर होते. तिथे पोचायच्या थोडं आधीच निघालेलं चांगलं. निघताना वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला बघून, कुणाच्या वाटेत न येता सरळ व्हायचं. मधूनच कापून जायचं नाही. एखादा नजरेआड झाला आणि दोन-चार सेकंदांत सापडला नाही, तरीही असंच बाहेर पडायचं.

कामशेतला किंवा पाचगणीला जाणारे बहुतेक वाचक टँडममध्ये, पायलटच्या पुढ्यात बसून उडतात. तिथे तुम्हीही दोन जास्तीचे डोळे आहात. दुसरी विंग जवळ येताना दिसली तर ‘उजवीकडे, खाली’ असं मोठ्याने सांगा. पायलटने ती आधीच पाहिली असेल, तरी तुमच्या सांगण्याने काही बिघडत नाही.