केपलर यांची आई आणि एक कडू पेय

सतराव्या शतकात जर्मन खेड्यापाड्यांत आजारावरचा पहिला उपचार घरातच होत असे. वनस्पती खुडणे, वाळवणे, मद्यात भिजत घालणे ही घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीची विद्या. पण जिच्या हाताला गुण आहे, तिचा हात घातही करू शकतो, हा संशय त्या विद्येची पाठ कधीच सोडत नसे.

खगोलशास्त्रज्ञ योहान्स केपलर यांच्या आई काथारिना यांनी त्याची जबर किंमत मोजली. त्या स्टुटगार्टच्या पश्चिमेकडील लेओनबर्ग येथे एकट्या राहत. १६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड या परिचित स्त्रीने आरोप केला, की काथारिना यांनी दिलेले कडू पेय प्यायल्यापासून आपल्याला दुखणे जडले. काथारिना यांचा मुलगा क्रिस्टोफ याच्याशी तिचा वाद होताच. काथारिना यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली; परंतु प्रकरण उलटले. कोणाचा हात बधिर झाला, कोणाचा पाय लुळा पडला, कोणाचे जनावर दगावले. सारी जुनी दुखणी त्यांच्या माथी मारली गेली.

ऑगस्ट १६२० मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या काथारिना यांना अटक होऊन साखळदंडात ठेवण्यात आले. योहान्स केपलर लिंझहून आले आणि त्यांनी बचावाची सूत्रे हाती घेतली. चेटूक नसतेच, असे त्यांनी म्हटले नाही. प्रत्येक दुखण्याचे नैसर्गिक कारण मात्र त्यांनी दाखवून दिले. मुलीचा हात विटा वाहून दुखावला होता. शाळामास्तरांचा पाय खंदकावरून उडी मारताना जायबंदी झाला होता. राइनबोल्ड तर आधीपासूनच आजारी होती आणि तीव्र औषधे घेत होती.

सप्टेंबर १६२१ मध्ये काथारिना यांना छळाची हत्यारे दाखवून धमकावण्यात आले. त्यांनी कबुली दिली नाही. सुमारे चौदा महिन्यांच्या कैदेनंतर त्यांची सुटका झाली. एप्रिल १६२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

बहुतेक आरोपी स्त्रियांच्या पाठीशी असा मुलगा नव्हता. म्हणूनच अशा वेळी कायद्याचा आधार मोलाचा ठरतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, करणी केली, रोगराई पसरवली किंवा मंत्राने गुरांचे दूध आटवले, असा ठपका ठेवून एखाद्याचे जगणे असह्य करणे हा गुन्हा आहे. लेओनबर्गमध्ये निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपी वृद्धेवर पडला होता. या कायद्यापुढे उत्तर द्यावे लागते ते ठपका ठेवणाऱ्याला.