दीडशे फूट प्रति सेकंद म्हणजे नेमकं किती?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "एरर अ‍ॅनालिसिसचा एवढा बाऊ कशाला? पाच रीडिंग घ्यायची, सरासरी काढायची, झालं!" या प्रश्नाचं उत्तर आज एका खेळण्यातून शोधू या. खेळणं म्हणजे फोमचे डार्ट उडवणारा ब्लास्टर.

आपल्याकडे हे मॉलमधल्या दुकानात 'नर्फ' म्हणून दिसतं. हॅस्ब्रो कंपनीचा हा ब्रँड. अमेरिका-युरोपात मात्र मोठी माणसंही हा खेळ गांभीर्याने खेळतात. २००५ साली मेरिलँडमधल्या गाउचर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'ह्यूमन्स व्हर्सेस झॉम्बीज' हा कॅम्पसभर चालणारा खेळ सुरू केला. नंतर तो अनेक विद्यापीठांत पसरला, आणि ब्लास्टर उघडून त्यात फेरफार करणारेही वाढले. कुणी जाड स्प्रिंग बसवतं, कुणी नळी बदलतं, कुणी अख्खा ब्लास्टर थ्रीडी प्रिंटरवर छापतं. 'गन' हा शब्द ही मंडळी मुद्दाम टाळतात.

या छंदात सगळी चर्चा एका आकड्याभोवती फिरते: डार्टचा वेग, फूट प्रति सेकंद, म्हणजे एफपीएस. २०१२ साली आलेल्या 'एलिट' मालिकेतले साधे ब्लास्टर साधारण ७० एफपीएसच्या आसपास असतात. आता काही कंपन्या प्रौढांसाठीच्या ब्लास्टरच्या खोक्यावरच १५० एफपीएस छापतात. छंदी लोक त्याच्याही पुढे जातात.

वेग दुप्पट, पण ऊर्जा?

डार्टचं वजन ढोबळमानाने १ ग्रॅम धरू. ७० एफपीएस म्हणजे सेकंदाला सुमारे २१ मीटर. गतिज ऊर्जेचं सूत्र अकरावीतलंच. उत्तर येतं साधारण ०.२३ ज्यूल. १५० एफपीएसला (सुमारे ४६ मीटर प्रति सेकंद) तेच उत्तर १.०५ ज्यूल येतं. वेग दुपटीहून थोडा जास्त, ऊर्जा मात्र साडेचार पटींहून अधिक! कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेगातली छोटी चूक ऊर्जेत मोठी होऊन दिसते: वेग २ टक्क्यांनी चुकला, तर ऊर्जा सुमारे ४ टक्क्यांनी चुकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लांब नळी म्हणजे जास्त वेग?

स्प्रिंगचा ब्लास्टर म्हणजे उलट्या हिशोबाची पिचकारी. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, आतली हवा दाबली जाते आणि ती हवा डार्टला नळीतून ढकलते. सहज वाटेल, नळी जितकी लांब तितका ढकलायला वेळ जास्त. काही अंतरापर्यंत हे खरंही आहे. पण डार्ट पुढे सरकतो तसतशी हवेला जागा मिळते आणि दाब उतरतो. एका टप्प्यानंतर उरलेला जोर घर्षणालाही पुरत नाही. त्यापुढची नळी डार्टला चक्क ब्रेक लावते.

म्हणजे "सर्वांत चांगली नळी किती सेंटिमीटरची?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दट्ट्याच्या नळकांड्यात हवा किती मावते, स्प्रिंग किती जोराची, डार्ट नळीत किती घट्ट बसतो, हवा कुठून गळते, या सगळ्यांवर ते ठरतं. इथे नवशिक्या संशोधकाची ओळखीची गोची होते. नवी स्प्रिंग, नवी नळी आणि आखूड डार्ट, तिन्ही एकाच दिवशी बदलले. वेग ३० एफपीएसने वाढला. श्रेय कुणाचं? सांगता येत नाही. छंदातले जाणकार एका वेळी एकच गोष्ट बदलतात, डार्ट एकाच पाकिटातले घेतात, आणि वापरून चुरगळलेले डार्ट बाजूला काढतात. आपण लॅबमध्ये ज्याला 'कंट्रोल' म्हणतो, ते हेच.

मोजायचं कसं?

वेग मोजायला क्रोनोग्राफ वापरतात. दोन प्रकाश-सेन्सर ठरावीक अंतरावर असतात. डार्ट पहिल्यासमोरून जाताना घड्याळ सुरू, दुसऱ्यासमोर बंद. समजा अंतर १० सेंटिमीटर आहे. १५० एफपीएसचा डार्ट ते २.२ मिलिसेकंदांत कापतो.

आता दोन प्रकारच्या चुका पाहा. घड्याळ कधी किंचित आधी, कधी किंचित उशिरा थांबलं, तर ती यादृच्छिक चूक. रीडिंग वाढवली की सरासरीत ती विरते. पण सेन्सरमधलं अंतर खरं ९.९ सेंटिमीटर असेल आणि आपण १० धरत असू, तर प्रत्येक रीडिंग १ टक्का जास्तच येणार. हजार वेळा मोजा, सरासरी तेवढीच चुकीची राहील. "सरासरी काढली की झालं" याला पहिला धक्का इथे बसतो.

सरासरी कुणाच्या कामाची?

दुसरा धक्का जास्त महत्त्वाचा. समजा, एका मैदानावर नियम आहे: १५० एफपीएसपर्यंतच परवानगी. दोन ब्लास्टर तपासायला आले. दोघांची दहा-दहा शॉट्सची सरासरी १४८. पहिल्याची रीडिंग १४५ ते १५० मध्ये आहेत. दुसऱ्याची १३० ते १६६ मध्ये. सरासरी सारखीच, पण दुसऱ्याचा सर्वांत वेगवान डार्ट मर्यादेपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त ऊर्जा घेऊन जातो.

स्प्रिंग बदलल्याने फरक पडला का, हे बघायचं असेल तर सरासरी आणि तिचा विस्तार हवा. समोरचा माणूस सुरक्षित आहे का, हे बघायचं असेल तर कमाल मूल्य हवं, कारण डोळ्यावर आदळतो तो एकच डार्ट. सरासरी आदळत नाही. कुठला आकडा द्यायचा हे प्रश्न ठरवतो.

तीन रुग्ण काय सांगतात?

डोळ्यांचा मुद्दा काल्पनिक नाही. २०१७ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांची नोंद केली: ११ वर्षांचा मुलगा, ३२ वर्षांची स्त्री आणि ४३ वर्षांचा पुरुष. तिघांनाही नर्फच्या डार्टचा मार लागून डोळ्यात रक्तस्राव झाला होता.

यावरून "हे खेळणं अतिधोकादायक आहे" म्हणता येईल का? नाही. किती जण खेळले आणि त्यातल्या किती जणांना इजा झाली, हे इथे कळत नाही. अंश आहे, छेद नाही. मग "तीनच तर केसेस" म्हणून सोडून द्यायचं? तेही नाही. अशी इजा होऊ *शकते*, हे सिद्ध करायला एक केससुद्धा पुरते. किती वेळा होते, हा वेगळा प्रश्न आणि त्याला वेगळा अभ्यास लागतो. पण संरक्षक चष्मा घालायचा की नाही, हे ठरवायला त्या अभ्यासाची वाट बघायची गरज नाही. चष्मा स्वस्त आहे, डोळा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पेपर वाचताना ठळक अक्षरातला आकडा दिसला, की चार गोष्टी विचारा: कशाने मोजला? किती वेळा? विस्तार किती? आणि ज्या प्रश्नासाठी हा आकडा दिलाय, त्या प्रश्नाचं उत्तर तो खरंच देतो का? व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक हेच विचारतात. सवय आत्ताच लावून घेतलेली बरी.