बंद खोक्यातलं वाळवण

भांडी वाळवायची तर आपण काय करतो? उपडी घालतो, निथळू देतो, वारा लागू देतो, जमलं तर ऊन दाखवतो. आता डिशवॉशरकडे बघा. दार घट्ट बंद, ऊन नाही, वारा नाही आणि आत वाफ नुसती कोंदलेली. घरात याहून दमट जागा शोधून सापडायची नाही. आणि तिथेच प्लेटा खडखडीत वाळतात! कशा?

आत कुठेतरी गरम हवेचा पंखा फिरत असेल, असा आपला अंदाज. काही मशीनमध्ये तो असतोही. पण कित्येक मशीनमध्ये वाळवण्यासाठी वेगळं असं काहीच नसतं. शेवटचं विसळण्याचं पाणी तेवढं कडकडीत, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेलं असतं. ते पाणी वाहून जातं आणि मशीन स्वस्थ बसतं. पुढचं काम प्लेट स्वतः करते.

गंमत आकड्यांत आहे. अर्धा किलो वजनाची चिनी मातीची प्लेट 65 अंशांवरून 45 अंशांपर्यंत निवताना साधारण साडेआठ हजार ज्यूल उष्णता सोडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,300 ज्यूल लागतात. भागाकार करा: साडेतीन ग्रॅमच्या पुढे पाणी उडून जाऊ शकतं. थोडी उष्णता इकडेतिकडे जाते हे खरं, पण नीट निथळलेल्या प्लेटवर पाणी उरतं तेही असं चमचाभरच. म्हणजे प्लेट आपल्या अंगातल्या उबेवरच वाळते.

ठीक, पण दार बंद असताना ती वाफ जाते कुठे? टबाच्या पोलादी भिंतींकडे. त्या पातळ असतात आणि भांड्यांच्या आधी निवतात. 65 अंशांची एक घनमीटर हवा 160 ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात बाळगू शकते. 25 अंशांची जेमतेम 23 ग्रॅम. म्हणून गार भिंतीला टेकताच वाफेचं पाणी होतं, ओघळून खाली जातं आणि हवेत पुन्हा नव्या वाफेला जागा होते. भिंत ओली होते म्हणून प्लेट कोरडी होते! काही कंपन्या तर भिंतीला लागून गार पाण्याची टाकीच ठेवतात.

मग प्लास्टिकचे डबे दर वेळी ओले का निघतात? साठ ग्रॅमच्या डब्याचं त्याच हिशेबाने बघा: जेमतेम एक ग्रॅम पाणी उडवण्याइतकी उष्णता. शिवाय प्लास्टिकवर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावरच्यासारखं थेंबाथेंबाने बसून राहतं. जाडजूड थेंब, उडायला पृष्ठभाग कमी. आपल्या पातळ स्टीलच्या वाट्यांकडेही उष्णतेची शिल्लक बेताचीच, पण पाणी त्यांच्यावर बऱ्यापैकी पसरतं, म्हणून त्या निभावून नेतात.

थेंब पसरवता आला तर? मशीनमध्ये वेगळं भरायचं रिन्स एड नावाचं द्रव नेमकं हेच करतं. ते चकाकीसाठी असतं असं समजून अनेक जण त्याचा कप्पा रिकामाच ठेवतात, आणि मग मशीनच्या नावाने बोटं मोडतात. शेवटच्या पाण्यात त्याचे काही मिलिलिटर मिसळले की पाण्याचा पृष्ठताण घटतो. गोळा होऊन बसू पाहणारं पाणी पातळ पडद्यासारखं पसरतं. बरंचसं घसरून जातं, उरलेलं झटकन उडतं. थेंब जागीच आटला तर क्षारांचा पांढरा डाग उरतो, तोही टळतो.

बाकी हातची कामं सोपी आहेत. वाट्या तिरक्या लावा, बुडाच्या खोलगट कडेत पाणी साचायला नको. चक्र संपल्यावर थोड्या वेळाने दार किलकिलं करा. काही मशीन ते आपणहून करतात. आणि रिकामं करताना खालचा कप्पा आधी, नाहीतर वरच्या कपांतलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडतं.

पण एक पेच उरतो. वीज वाचवायची तर शेवटचं पाणी कमी तापवायचं, आणि कमी तापवलं की वाळवण फसतं. यावरचा एक तोडगा तर थक्क करणारा आहे: झिओलाइट. बॉश आणि सीमेन्सच्या काही मशीनच्या तळाशी या खनिजाचे कारखान्यात बनवलेले गोळे असतात. त्यांच्या अंगात इतकी सूक्ष्म भोकं असतात, की एका ग्रॅममध्ये काही शे चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. टबातली दमट हवा त्यांतून फिरवली की पाणी त्या भोकांत अडकतं आणि अडकताना उष्णता बाहेर पडते. हवा कोरडी होते आणि वर तापूनही येते!

1756 साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असाच पाणी धरून ठेवणारा एक दगड फुंकनळीच्या ज्वाळेत धरला, तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फसफसला होता. मशीनमधल्या गोळ्यांचे असे नैसर्गिक भाऊबंद आपल्या पायाखालीच आहेत. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटसारखे झिओलाइटचे देखणे स्फटिक वाढतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात.

आणि मशीनमधले गोळे पाणी पिऊन तट्ट भरले, म्हणजे बदलायचे का? मुळीच नाही. पुढच्या धुण्याच्या वेळी हीटर त्यांना तापवतो, अडकलेलं पाणी वाफ होऊन टबात येतं आणि ती वाफ धुण्याचं पाणी तापवायला मदत करते. कालच्या ताटांवरून उडालेलं पाणी आजच्या ताटांना ऊब देतं, आणि गोळे पुन्हा कोरडे.