आल्प्समधली सक्युलंट टेंभुर्णीची थंडी सोसतात, मग जुलैत का सडतात?

दिवाळीनंतर रोपवाटिकांत आणि ऑनलाइन विक्रीत गुलाबाच्या आकाराची, जाड पानांची छोटी रोपे दिसू लागतात. त्यांतील ‘सेंपरव्हायव्हम’ हे मूळचे युरोपातील आल्प्ससारख्या डोंगरांतले. कडाक्याच्या बर्फातही ते टिकते, असे सोबतच्या माहितीत लिहिलेले असते. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीत हुरड्याच्या दिवसांत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, क्वचित त्याच्याही खाली. त्यामुळे अंगणात दगड रचून रॉक गार्डन करणे सोपे वाटते. हिवाळा छानच जातो. पोळा येईपर्यंत मात्र बहुतेक रोपे मऊ पडून गेलेली असतात.

बर्फात ही झाडे जगतात कशी?

थंडीची चाहूल लागताच ही झाडे पेशींमध्ये साखर साठवतात आणि पेशींमधले थोडे पाणी बाहेरच्या पोकळीत सोडतात. बर्फ झालाच तर तो पेशीच्या बाहेर होतो, त्यामुळे पेशी फुटत नाही. वर पडलेला हिमाचा थर गोधडीसारखे काम करतो. हवा उणे २० अंश असली तरी त्याखालचे तापमान शून्याच्या आसपास राहते. शिवाय त्या काळात पाणी गोठलेले असल्याने मुळे ओली राहत नाहीत. थंडी अधिक कोरडेपणा, हे त्यांचे खरे घर. थंडी अधिक चिखल त्यांना युरोपातही मारतो.

लिनियसने १७५३ मध्ये यातील एका जातीला ‘टेक्टोरम’, म्हणजे छपरावरचे, असे नाव दिले. इसवी सन ८०० च्या सुमारास शार्लमेनच्या राजवटीत निघालेल्या एका फर्मानात माळ्याने हे झाड स्वतःच्या घरावर लावावे, असे सांगितलेले आहे. छपरावरच्या या झाडामुळे वीज पडत नाही, अशी समजूत होती. समजूत बाजूला ठेवली तरी जागा अचूक होती. कौलांच्या उतारावर माती नावापुरती आणि पाणी न थांबणारे.

मग टेंभुर्णीत बिघडते कुठे?

एक कारण मातीत, दुसरे रात्रीत. जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आकडा मोठा नाही, पण काळी माती तो सोडत नाही. ती फुगते, हवेच्या जागा बंद होतात आणि मुळे गुदमरतात. कपाशीला सोयीचा असलेला हा ओलावा सेंपरव्हायव्हमच्या बुडाशी बुरशी वाढवतो.

रात्रीचे कारण समजायला आपल्याकडची पानफुटी उपयोगी पडते. ती याच कुळातली. दक्षिण भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना पानफुटीची पाने सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागली. त्यांचे याविषयीचे पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. (हा प्रयोग चाखून करू नये, या पानांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात.) दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून अशी झाडे पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा ते वापरतात. यासाठी रात्र थंड हवी. मेमध्ये दिवसा ४० अंश ओलांडून रात्रही उकडत राहिली की डोंगरातल्या झाडाची कमाई घटते आणि श्वसनाचा खर्च वाढतो. अशा दमलेल्या झाडावर जूनचा पाऊस पडतो. सडलेले रोप जुलैत दिसते, पण त्याचे दुखणे एप्रिलपासूनचे असते.

हिवाळ्यात पाणी बंद करावे का?

युरोपातल्या सल्ल्यांमध्ये तसेच लिहिलेले असते आणि इथे तो सल्ला उलटा पडतो. तिथे हिवाळा विश्रांतीचा. टेंभुर्णीत डिसेंबरमध्ये दुपारी २८-३० अंश, निरभ्र ऊन आणि गार रात्र, म्हणजे आल्प्सच्या उन्हाळ्याशी मिळतेजुळते हवामान. रोप वाढते ते याच दिवसांत. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत माती पूर्ण सुकल्यावर, साधारण आठवड्यातून एकदा, सकाळी पाणी द्यावे. मार्चपासून ते कमी करत न्यावे आणि पावसाळ्यात बंदच.

या काळात पाने लालसर झाली तर घाबरण्याचे कारण नाही. थंडी आणि प्रखर उन्हात हा रंग येतोच. बुडाची पाने पारदर्शक, पिचपिचीत झाली तर मात्र सड सुरू झाली आहे. सडलेल्या भागाच्या वर कापून रोप तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावे आणि कोरड्या खडीत पुन्हा लावावे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, तर तो कपाशीवर येणाऱ्या पिठ्या ढेकणाचाच भाऊबंद. मोठे झाड फुलून वाळले तर तो रोग नव्हे. केळीसारखेच हे झाड एकदा फुलून मरते आणि बाजूला पिल्ले ठेवून जाते.

वाफा कसा असावा?

जमिनीत खड्डा करून लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. खड्ड्यात पाणी साचते. त्याऐवजी जमिनीवर दीड-दोन फूट उंचवटा करावा. तळाशी डबर, वर दोन भाग बारीक खडी, एक भाग मुरूम आणि थोडे पूर्ण कुजलेले शेणखत. काळी माती अजिबात नको. दगड नुसते मांडू नयेत, अर्ध्याहून अधिक गाडावेत. गाडलेल्या दगडाखाली मुळांना गारवा मिळतो. उघडा काळा बेसाल्ट मेमध्ये दिवसभर तापून रात्री उष्णता परत देतो. म्हणून वाफा घराच्या पूर्वेला असावा आणि मार्चनंतर वर हिरवी जाळी. पावसाळ्यात पारदर्शक पत्रा, चारही बाजू मोकळ्या. अवकाळीत आणि गारपिटीतही तोच पत्रा कामाला येतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही.

एवढा व्याप नको असेल, तर ही रोपे कुंडीतच ठेवून कुंड्या वाफ्यात पुरणे जास्त शहाणपणाचे. मेआधी त्या उचलून पडवीत नेता येतात.

विकत घेतलेले रोप खरेच आल्प्सचे असते का?

बऱ्याचदा नाही. रोपवाटिकांत ‘सक्युलंट’ म्हणून मिळणारे गुलाबी चक्र बहुधा एचेव्हेरिया असते, मुख्यतः मेक्सिकोतले. त्याची पाने जाड, गुळगुळीत, पुष्कळदा मेणासारख्या पावडरीची, तर सेंपरव्हायव्हमच्या पानांच्या कडेला बारीक केस असतात. फसवणूक झाली असे वाटले, तरी सौदा तोट्याचा नाही. एचेव्हेरियाला हिमाचा कडाका सोसत नाही, पण टेंभुर्णीत हिम पडतच नाही.

इथलेच काही लावता येईल का?

सह्याद्रीचे कडे ही आपली तयार रॉक गार्डनच. शिवनेरीसारख्या ठिकाणी कातळावर शिंदळ माकुडी वाढते. फक्त महाराष्ट्रात आढळणारी ही वनस्पती डाल्झेल यांनी १८६० च्या दशकात नोंदवली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया’ नाव दिले. तिचे वेळापत्रक सेंपरव्हायव्हमच्या नेमके उलट: पावसात पाने आणि फुले, कोरड्या दिवसांत पाने गाळून नुसते मांसल खोड. भर पावसातही ती सडत नाही, कारण उभ्या कड्यावर पाणी थांबत नाही. ती दुर्मिळ आहे. कड्यावरून उपटून आणू नये. टेंभुर्णीच्या वाफ्यात बारमाही राहण्यासाठी माकडशिंगी, पानफुटी आणि कोरफड पुरेशी आहेत. त्यांच्यामधल्या फटींत डोंगरातल्या पाहुण्यांच्या कुंड्या नोव्हेंबरमध्ये मांडता येतात.