गीझरमधली न दिसणारी कांडी

गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. पाणी आधी तिला खातं, म्हणून टाकीचा पत्रा वाचतो. कांडी संपली की गंज टाकीला लागतो, आणि गळकी टाकी सहसा दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर वर्षातून एकदा सर्व्हिसिंगवाल्याला ती कांडी काढून बघायला सांगाच. सर्व्हिसिंगला येणारे बरेच जण फक्त बाहेरून पुसून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच वेळी कॉइलवरचा पांढरा थरही काढून घ्या. पाणी तापायला वेळ लागतोय, आतून कडकड आवाज येतोय, तर बहुधा क्षारच साचलेत. हिशेब सोपा आहे: २००० वॅटचा गीझर १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर साधारण १८-२० मिनिटांत नेतो. अर्धा तास लागत असेल तर तपासा.

पाणी अजिबात तापत नाही? आधी एमसीबी बघा, मग थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारं बटण). कटआउट पुन्हा पुन्हा पडत असेल तर दाबत बसू नका, थर्मोस्टॅट बिघडलेला असू शकतो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडणं साहजिक आहे. तो व्हॉल्व्ह बंद मात्र कधीही करू नका, टाकी फुटू शकते.

नळाला हात लावल्यावर हलका जरी झटका बसला तरी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या हिवाळ्याआधी बसवाच.