माणिकपूर : एका वस्तीचे नाव आणि त्याचे सामान्यरूप

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस उतरणारा प्रवासी ज्या दाट वस्तीत पाऊल ठेवतो, तिचा मोठा भाग माणिकपुराचा होय. जुने वसई गाव व किल्ला तेथून काही मैल दूर आहेत. मुख्य गावापासून अंतरावर असलेल्या स्थानकास 'रोड' हे पद जोडण्याची रेल्वेची जुनी रीत आहे. परिणाम असा झाला की, स्थानकाभोवती वाढलेल्या वस्तीस स्वतःचे नाव असूनही पत्त्यात ती 'वसई पश्चिम' ठरली.

मूळ गाव जुने. येथील सेंट मायकेल चर्चची स्थापना १६०६ मधील. पुढे नवघर-माणिकपूर नगरपरिषदेच्या जोडनावात या गावास स्थान मिळाले. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि ती नगरपरिषदही गेली.

मग नाव उरले कोठे? भाषाभ्यासकाने येथे व्याकरणाकडे वळावे. 'पूर'कारान्त ग्रामनामांस '-ला', '-हून', '-चा' हे प्रत्यय सामान्यतः थेट लागतात : माणिकपूरला, माणिकपूरहून. सप्तमीच्या '-त' पूर्वी मात्र सामान्यरूप होऊन ऊकार ऱ्हस्व होतो : माणिकपुरात. नागपुरात, कोल्हापुरात यांचीही तीच गत. याउलट 'माणिकपूरमध्ये' या प्रयोगात नाम जसेच्या तसे राहते. शेजारच्या आनंदनगर, विशालनगर अशा नावांबाबत '-नगरात' व '-नगरमध्ये' ही दोन्ही रूपे संभवतात. 'कॉम्प्लेक्स'शी मात्र 'मध्ये' हेच सहज जुळते, 'कॉम्प्लेक्सात' कानास खटकते.

'मध्ये' म्हणणारा तो उपरा, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. हे शब्दयोगी अव्यय मराठीत जुनेच आहे, आणि छापील पत्त्यातील नाव अविकृत ठेवण्याची सवय मूळ रहिवाशासही लागू शकते. तथापि वक्त्याचे वय, घरची बोली व वास्तव्याचा काळ यांच्याशी हा विकल्प ताडून पाहण्याजोगा आहे. वसईत सामवेदी, वाडवळी या बोली प्रमाण मराठीलगत नांदत असल्याने ही तुलना अधिकच फलदायी व्हावी.

अशा पाहणीत 'आपल्या वस्तीचे नाव काय?' हा प्रश्न निरुपयोगी. त्याचे उत्तर प्रथमेत येते आणि प्रथमेत सारे रहिवासी सारखेच बोलतात. 'राहता कोठे?' असे विचारावे, आणि उत्तरात वसई येते की माणिकपूर, हे प्रत्ययासह टिपून घ्यावे.